तेच ढग, तीच झुडुपे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोके खाली आले. आत पांढऱ्याचा पिवळा पडलेला व्हिडिओ गेमचा संच, दोन रिमोट आणि एक कॅसेट. कॅसेटवर छापले होते '९९९९ गेम्स'. प्रत्यक्षात खेळ सातआठच, नावे बदलून पुन्हापुन्हा येणारे. पण हे लहानपणी कळले तरी फसवणूक वाटली नव्हती. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने अ‍ॅडॉप्टर बदलून दिला, संच आईच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला जोडला, आणि नऊ वर्षांच्या लेकीला मोठ्या ऐटीत शेजारी बसवले. मारिओ धावू लागला. दोन मिनिटे पाहून ती म्हणाली, "बाबा, ही झुडुपं म्हणजे वरचे ढगच आहेत. नुसते हिरवे केलेत."

तीस वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते!

तिचे अगदी बरोबर आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ निंटेंडो कंपनीने सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात आणला, तेव्हा तो सगळाच्या सगळा ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. सकाळीसकाळी कुठल्यातरी काकांकडून मोबाइलवर येणारे 'शुभ सकाळ'चे चित्रही याहून जड असते. एवढ्याशा जागेत झुडुपासाठी वेगळे चित्र कोठून आणणार? ढगालाच हिरवा रंग दिला. खुद्द मारिओचा चेहराही असाच अडचणीतून जन्मला. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये शिगेरू मियामोतो यांना मूठभर ठिपक्यांत माणूस उभा करायचा होता. तोंड दिसेना म्हणून मिशी दिली, केस नीट जमेनात म्हणून टोपी घातली.

जुन्या जपानी कार्टूनचीही हीच कहाणी. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांचा 'अ‍ॅस्ट्रो बॉय' तिकडच्या टीव्हीवर सुरू झाला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, पैसा तुटपुंजा, हात मोजके. मग चित्रेच कमी काढायची. माणूस स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे, धावण्याचा एकच तुकडा दहा ठिकाणी वापरायचा. ही काटकसर पुढे जपानी शैलीच होऊन बसली. आपल्याकडे १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर येऊन घराघरांतली न्याहारी लांबवणारे 'जंगल बुक' हेही जपानचेच, निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेले. गुलजारांच्या शीर्षकगीतामुळे आणि विशाल भारद्वाजांच्या चालीमुळे मोगली आपल्याच आळीतला वाटे. कितीदा तरी पडद्यावरचे चित्र जवळजवळ थिजलेले असे, आणि शेरखानची सारी दहशत नाना पाटेकरांच्या आवाजात असे. उरलेले जंगल आपण मनातच उभे करत होतो.

जुने ते सारे सोने, असे म्हणण्याचा अर्थातच विचार नाही. त्या कॅसेटमधले निम्मे खेळ भिकार होते. पण अपुरेपणा भरून काढायचे काम मुलांकडे सोपवलेले असे, आणि ते मुले चोख करत. 'काँट्रा'चेच पाहा. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए ही कळ दाबली की तीस 'लाइफ' मिळत. काझुहिसा हाशिमोतो यांनी ती मुळात 'ग्रॅडियस' या खेळासाठी १९८६ मध्ये स्वतःच्या सोयीने घातली, कारण तपासताना खेळ त्यांनाच जड जात होता. ती सांगलीच्या आमच्या गल्लीत कशी पोचली असेल? ना इंटरनेट, ना मासिक. कोणाच्या तरी मामेभावाने सुट्टीत आणली, एवढेच आम्हाला ठाऊक. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. परवा ती कळ मला तोंडाने सांगता येईना, पण अंगठ्यांना ती बरोबर आठवली.

एक कबुली द्यायला हवी. आमचा हा सारा आनंद चोरीच्या मालावर उभा होता. मूळ संच निंटेंडोचा 'फॅमिकॉम', १९८३ चा. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी आल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. नकलांचे समर्थन करू नये हे खरे. पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळतच नाहीत असे आढळले. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत ही मागणीही तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. मालक विकणार नाही, ग्रंथालयाला देता येणार नाही, मग ते टिकणार कुठे? चोरांच्याच कपाटात! ही परिस्थिती कोणालाच शोभणारी नाही. हे खेळ करणारे आता म्हातारे झाले आहेत, आणि कॅसेटमधले धातूचे टोकही गंजते.

चित्रपटाचे नशीब थोडे बरे. जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला, हाताने रंगवलेल्या चित्रांचा रामायणपट १९९३ मध्ये दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. तो नव्याने स्वच्छ होऊन आपल्या चित्रपटगृहांत आला २४ जानेवारी २०२५ रोजी. साको आणि राम मोहन दोघेही तोवर गेले होते. आम्ही लेकीला घेऊन गेलो. आजूबाजूला माझ्याच वयाचे बाप होते, आणि पोरांपेक्षा तेच जास्त गप्प होते.

घरी मात्र मारिओ तिसऱ्या पायरीवर अडकला. पडद्यावर रंगीत चौकटींचा चिखल. लेकीने कॅसेट काढून तोंडाजवळ नेली. कोठून शिकली कोण जाणे! मी सांगितले, फुंकर मारायची नसते, तोंडातल्या ओलाव्याने उलट गंज चढतो, नुसती काढून पुन्हा बसवायची. तिने तसे केले. चिखल तसाच. पुन्हा बसवली. तसाच.

"आण इकडे," म्हणालो, आणि छाती भरून फुंकर घातली.