न्हाणीघरातला न दिसणारा वायू

चिरनेरपासून पनवेलपर्यंतच्या जुन्या घरांत परसदारी बंब पेटायचा आणि धूर उघड्यावर जायचा. आता गावांभोवती इमारती उठल्या, बंबाच्या जागी गॅस गिझर आला. गिझर घेताना किती लिटरचा, केवढ्याला, हे विचारले जाते. धूर कुठून बाहेर पडणार, हे क्वचितच.

न्हाणीघर चिंचोळे, दाराला कडी, गारठ्यामुळे खिडकीच्या काचा ओढलेल्या आणि आत पेटती ज्योत. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड साचतो. गळती कळावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते आणि कडी काढण्याआधीच माणूस कोसळतो. मार्च 2023 मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून आंघोळीला गेलेले जोडपे मृतावस्थेत सापडले, तेव्हा संशय गिझरच्या वायूवरच होता.

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत या वायूचा इशारा देणारा अलार्म 1 ऑक्टोबर 2022 पासून सक्तीचा आहे. तिथले आधुनिक बॉयलर ज्योतीसाठी हवाही बाहेरूनच घेतात. आपल्याकडे निदान गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवावा. आतच असेल तर बादली भरून, गिझर बंद करून, दार उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळ करावी. सिडकोने नव्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र देताना न्हाणीघरातली झरोक्याची जागा प्रत्यक्ष पाहावी, नकाशावरची नव्हे.