स्लो आहे, पण आपला आहे!

दिवसभर ऑफिसात मॉनिटर, लोकलमध्ये मोबाइल, घरी टीव्ही. रात्री 'जरा वाचू या' म्हणून टॅब हातात घ्यावा, तर दुसऱ्याच पानावर ऑफिसचा मेल टपकतो. तुमचंही असंच होतं ना? होतंच! म्हणून या आठवड्याचं गॅजेट खास तुमच्यासाठी. रंग नाहीत, गेम नाहीत, व्हिडिओ बघायची तर सोयच नाही. आणि स्पीड... त्याबद्दल नंतर बोलू.

नाव आहे पाइननोट. पाइन सिक्स्टीफोर या कंपनीने 2021मध्ये जाहीर केलेला ई-इंक टॅबलेट. 10.3 इंचांची स्क्रीन, 4 जीबी रॅम, 128 जीबी जागा आणि लिहायला पेन. माझा सेट पहिल्या लॉटमधला, म्हणजे डेव्हलपर मंडळींसाठीचा. मावसभावाने येताना आणून दिला आणि वर विचारलं, "एवढ्या पैशात रंगीत नव्हता का रे मिळत?"

मिळाला असता की! पण ई-इंकचा फंडाच वेगळा. 1997मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या मंडळींनी ही कंपनी काढली. स्क्रीनमध्ये केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या, प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण. दोघांवरचे चार्ज एकमेकांच्या विरुद्ध. विजेचा दाब दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. कण एकदा जागेवर बसले की अक्षर तसंच राहतं, वीज बंद केली तरी! दिव्याच्या उजेडात कागद दिसतो तसंच हे दिसतं, डोळ्यांवर झोत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ किंडल घे ना, लिनक्सची भानगड कशाला? गंमत म्हणजे किंडलच्या पोटातही लिनक्सच आहे. रीमार्केबलच्याही. प्रश्न आहे तो चावी कोणाकडे, याचा. जुलै 2009मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांनी विकत घेतलेलं ऑर्वेलचं '1984' त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकलं. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे कारण खरं होतं. पैसे परत मिळाले, कंपनीच्या साहेबांनी माफीही मागितली. पण पुस्तक आधी न विचारताच पुसलं होतं ना! मग 26 फेब्रुवारी 2025पासून विकत घेतलेलं किंडल बुक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोयही बंद झाली. म्हणजे कपाट आपलं, पण चावी दुकानदाराच्या खिशात. हे काही मला पटत नाही, बॉस!

तर मी सुट्टीचा दिवस पाहून कामाला बसलो. टॅबलेट यूएसबीने लॅपटॉपला जोडला आणि आधी सगळ्याचा बॅकअप घेतला. इथे कंटाळा नको. यात 'वेव्हफॉर्म' नावाचं एक छोटं पार्टिशन असतं. कोणत्या तापमानाला, कोणत्या करड्या छटेसाठी विजेचे झटके कसे द्यायचे, याचं कोष्टकच ते. ते त्या-त्या स्क्रीनपुरतंच असतं. शेजाऱ्याचं आणून चालत नाही. हरवलं तर डोक्याला शॉट! त्याच्या दोन कॉप्या केल्या, एक पेन ड्राइव्हवर. मग डेबियन लिनक्स चढवलं. 2024च्या अखेरीपासून आलेल्या पाइननोटवर डेबियन आधीच टाकलेलं असतं, त्यामुळे नव्याने घेणाऱ्यांची ही मेहनत वाचते.

पण चढवलं म्हणजे झालं, असं नाही. लिनक्सचा नेहमीचा डेस्कटॉप रंगीत मॉनिटरसाठी बनलेला. म्हणून पहिलं काम, अ‍ॅनिमेशन बंद. खिडकी सरकत उघडायला लागली की ई-इंकवर नुसती भुतं नाचतात. दुसरं, पांढऱ्यावर ठळक काळं अशी थीम. तिसरं, वाचायला केओरीडर आणि लिहायला झूर्नल प्लस प्लस. दोन्ही फुकट! चौथं अगदी आपलं, मराठी फॉन्ट. बारीक रेघांचा फॉन्ट इथे फिका दिसतो, वेलांट्या शोधाव्या लागतात. मी मुंबईच्या एक टाइपने बनवलेला 'मुक्त' टाकला, तोही मीडियम वजनाचा. जोडाक्षरं कशी टपोरी दिसतात!

आता स्पीडचं बोलू. पान उलटलं की स्क्रीन लुकलुकते. फास्ट मोड लावला तर करड्या छटा जातात आणि मागच्या पानाची सावली राहते. ब्राउझरमध्ये स्क्रोल करणं म्हणजे तपश्चर्या. बॅटरी किंडलसारखी आठवडेच्या आठवडे चालेल, ही अपेक्षाही नको. आत पूर्ण कॉम्प्युटर आहे, तो खाणारच. 'घेतला, उघडला, सुरू' असं हवं असेल, तर हे गॅजेट तुमच्यासाठी नाही.

मग मला काय मिळालं? मीटिंगमध्ये मी याच्यावर हाताने लिहितो आणि रात्री याच्यावरच वाचतो. कोणी टपकत नाही. याच्यावर मेल चालत नाही असं नाही हं! दोन मिनिटांत चालू होईल. मी तो टाकलेला नाही, एवढंच. काय असावं आणि काय नसावं, हे कंपनीने नाही, मी ठरवलं. आपल्या मोबाइलबद्दल असं छातीठोक म्हणता येईल का?

आणि लगेच खिसा हलका करायची गरज नाही. घरी जुना कोबो किंवा पॉकेटबुक रीडर धूळ खात पडला असेल, तर त्याच्यावर केओरीडर टाकून बघा. तासाभराचं काम आहे. फक्त सुरुवात बॅकअपनेच करा!