आवाज वाढवू नका, वळवा

आपल्या मंडळांचा वार्षिकोत्सव इंदूरचा असो, बडोद्याचा असो वा बेळगावचा, एक वाक्य मंचावरून हमखास ऐकू येते : ‘मॉनिटर जरा वाढवा.’ मॉनिटर म्हणजे गायकाला स्वतःचा स्वर व साथ ऐकू यावी म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला ध्वनिवर्धक. तो वाढवला की माइक शिट्टी घालतो, पहिल्या रांगेतले रसिक कानांवर हात ठेवतात आणि दोष साउंडवाल्याच्या माथी मारून कार्यकारिणी मोकळी होते. आमच्या मते हा दोष मुख्यतः कार्यकारिणीचाच आहे; कारण ध्वनिवर्धक किती मोठा, हे ती विचारते, त्याचा आवाज कोणीकडे जातो, हे विचारत नाही.

ध्वनिवर्धकातून आवाज सगळीकडे सारखा पसरत नाही. १०० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, तो खोक्याला वळसा घालून मागे श्रोत्यांत शिरतो. १०,००० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ३.४ सेंटिमीटर, तो स्वर समोरच्या ठरावीक कोनातच राहतो. हा कोन उभ्या दिशेने ६० अंश असेल, तर त्याच्या कडेला आवाज मध्यापेक्षा ६ डेसिबलने कमी, म्हणजे ध्वनिदाब निम्मा असतो.

आता आपली बैठक पाहा. तिरके मॉनिटर बहुधा उभ्या गायकासाठी घडवलेले असतात. ४५ अंशांत वर रोखलेल्या मॉनिटरचा मध्य दोन मीटरवर सुमारे सव्वादोन मीटर उंचीवर पोहोचतो. मांडी घालून बसलेल्या गायकाचा कान मात्र मंचापासून ८० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे तो कोनाच्या अगदी कडेला बसला आहे! त्याला खर्जाची घरघर ऐकू येते, शब्दांची धार येत नाही. म्हणून तो ‘वाढवा’ म्हणतो. वाढते ती घरघरच, आणि ती प्रेक्षागारात उतरून निवेदनाचे व पदांचे शब्द गढूळ करते. मॉनिटरच्या मागच्या कडेखाली एक लाकडी ठोकळा सरकवला आणि खर्ज कमी केला, तर हे बरेचसे टळते. त्याला खर्च काय येतो?

माइकचेही तसेच. कार्डिऑइड माइक पाठीमागचे, १८० अंशांवरचे, सर्वांत कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड सुमारे १२६ अंशांवरचे. पहिल्यासाठी मॉनिटर बरोबर माइकच्या शेपटीसमोर हवा, दुसऱ्यासाठी थोडा बाजूला. माइक कोणता, हे न विचारता मॉनिटर ‘शोभेल तिथे’ मांडणे म्हणजे शिट्टीला आमंत्रण देणे होय. शिवाय उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वी मिळणारी मुभा सुमारे ३ डेसिबलने घटते. मग सत्कारमूर्तींसमोरचे चार माइक गाण्याच्या वेळी चालू कशाला?

काही ज्येष्ठ म्हणतात, माइकच नको. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे प्रयोग कुठे माइकवर रंगले? त्या गळ्यांबद्दल आम्हांलाही आदर आहे. परंतु पंख्यांची घरघर, बाहेरची रहदारी आणि हौशी गळे यांचा विचार न करता दिलेला हा सल्ला आजच्या श्रोत्याच्या कामाचा नाही. दुसरे म्हणतात, तरुणांना मोठाच आवाज आवडतो. मोठा आणि स्पष्ट यांतला फरक तरुणांना कळत नाही, असे मानणे हा त्यांचा अपमान आहे.

आम्ही या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीसाठी इतका आग्रह का धरतो? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत नातवंडे मराठी ऐकतात ती आजीच्या तोंडून आणि वर्षातून चार वेळा या मंचावरून. तिथे ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ एकाच घरघरीत विरघळले, तर मूल भाषा नव्हे, गोंगाट घेऊन घरी जाते. कान मंदावलेल्या आजोबांनाही शब्दच हवा असतो. त्यांना तो मिळाला नाही की ते पुढच्या वेळी येत नाहीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ध्वनिव्यवस्थेचे देयक मंजूर करण्यापूर्वी कार्यकारिणीच्या एका सभासदाने कार्यक्रमाआधी अर्धा तास मंचावर गायकाच्या जागी मांडी घालून बसावे आणि दुसऱ्याने पहिल्या व शेवटच्या रांगेत बसून मराठी उतारा ऐकावा. शब्द कळेपर्यंत मॉनिटर हलवावेत, कलते करावेत. आवाजाच्या खुंटीला हात सर्वांत शेवटी लावावा.