शाळा कुठे, हे कोण ठरवणार?



वस्तीतली शाळा बंद झाली आणि सहावीतल्या मुलीला तीन किलोमीटर चालावे लागले तर काय होते, हे आम्ही सांगायला नको. पहिले काही दिवस आई सोडायला जाते. मग कामावर खाडे पडतात, पगार कापला जातो. शेवटी मुलगी घरी बसते. शाळेची जागा ठरते कचेरीत, पण भोगावे लागते आपल्या घराला.

अमेरिकेतल्या गरीब वस्त्याही याच प्रश्नाशी झगडत आहेत. तिथे 1991 साली मिनेसोटा राज्याने चार्टर शाळांचा पहिला कायदा केला. पुढे बहुतेक राज्यांनी केला. चार्टर म्हणजे सनद. पैसा सरकारचा, कारभार वेगळ्या मंडळाचा. फी नसते, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात. यातल्या काही शाळा चांगल्या चालतात. तिथे मुले घालणारे आईबापही पुष्कळदा गरीबच असतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तंटा आहे तो जागेचा. वस्तीत नवी शाळा निघते, जुन्या सरकारी शाळेचा पट घसरतो, आणि पट नाही म्हणून तिला कुलूप लागते. हे ठरवताना वस्तीला कुणी विचारले?

शिकागो शहरात 2013 साली शिक्षण मंडळाने एकाच बैठकीत सुमारे 50 सरकारी शाळा बंद करण्याचे ठरवले. त्यातली बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती. आधी सुनावण्या झाल्या होत्या. आईबाप आले, कळवळून बोलले. पण मंडळावरचे सारे सभासद महापौरांनी नेमलेले. बोलायचे लोकांनी आणि मत द्यायचे त्यांनी!

त्याच शहरातल्या ब्रॉन्झव्हिल या कृष्णवर्णीय वस्तीत डायेट हायस्कूल होते. 2012 साली ते टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले. नवे दाखले थांबले. शेवटच्या वर्षी अवघी 13 मुले उरली. वस्तीतल्या लोकांनी स्वतः बसून शाळेचा आराखडा तयार केला होता. त्याचा निर्णय लांबत गेला. तेव्हा 17 ऑगस्ट 2015 रोजी 12 जण उपोषणाला बसले. उपोषण 34 दिवस चालले. शाळा 2016 साली पुन्हा उघडली. वस्तीतल्या मुलांना खुली आणि सरकारी कारभाराखालीच. मात्र लोकांचा आराखडा घेतला नाही. कला विषयांची शाळा झाली. म्हणजे जागा राखली, पण शाळा कशी असावी हे ठरवायचा हक्क मिळाला नाही.

लोक तिथेच थांबले नाहीत. मंडळ निवडून आलेले हवे, ही मागणी त्यांनी धरून ठेवली. नोव्हेंबर 2024 मध्ये शिकागोत शिक्षण मंडळासाठी पहिल्यांदा मतदान झाले. 21 पैकी 10 जागा लोकांनी निवडून दिल्या.

आपल्याकडे त्या नावाच्या शाळा नाहीत. पण 2023 साली राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा विचार मांडला, तेव्हा वाड्या-वस्त्यांवरच्या आईबापांच्या पोटात असाच गोळा आला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेची जागा ही समिती ठरवत नाही, हे खरे. पण शाळेचा विकास आराखडा तीच करते, आणि पटाचा, वाटेचा, नाल्याचा, गळक्या छपराचा प्रश्न लेखी मांडता येतो तो तिथेच.

आम्हाला एवढेच सांगायचे आहे. आपल्या मुलाच्या शाळेच्या समितीत कोण आहे, हे या आठवड्यात विचारून घ्या. माताभगिनींनी घरी आलेल्या वहीवर नुसती सही करू नये. सभेला जावे आणि ठराव वाचून घ्यावा. शाळेला कुलूप लागल्यावर उपोषणाला बसण्यापेक्षा आज सभेतल्या सतरंजीवर बसणे सोपे आहे.