विश्लेषण : कार्यालयासाठी आयपी फोन घेताना काय पाहावे? न्हावा शेवाचा अनुभव काय सांगतो?

जुन्या ईपीएबीएक्सचे सुटे भाग मिळत नाहीत, तांब्याच्या तारेवरची लँडलाइन पावसाळ्यात मुकी होते. मग न्हावा शेवा, द्रोणागिरी, उरण पट्ट्यातील कस्टम ब्रोकर, फ्रेट फॉरवर्डर, वाहतूकदार यांच्या कार्यालयांसमोर एक प्रस्ताव येतो : टेबलावर इंटरनेटवर चालणारे आयपी फोन बसवा. प्रस्तावात मॉडेल, पडद्याचा आकार, बटणांची संख्या आणि दर असतात. संगणकांचे नेटवर्क बंद पडले तर या फोनचे काय होईल, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. या प्रश्नाचे उत्तर याच बंदराशी संबंधित एका घटनेत आहे.

२०१७ मध्ये काय घडले?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम युक्रेनमधील ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्फत पसरला. तो डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीत शिरला आणि तिच्याच समूहातील एपीएम टर्मिनल्सकडून चालवले जाणारे न्हावा शेवातील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ ठप्प झाले. कोणता कंटेनर कुठे आहे आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा हे सांगणारी यंत्रणाच बंद झाल्याने काम हाताने करण्याची वेळ आली.

संसर्ग थांबवण्यासाठी मर्स्कने आपले जगभरचे नेटवर्क तोडले. त्याबरोबर कार्यालयांतील टेबलांवरचे डिजिटल फोनही निकामी झाले. ज्या दिवशी प्रत्येक ग्राहक ‘माझा माल कुठे आहे’ म्हणून विचारणार, नेमक्या त्याच दिवशी फोन बंद! कर्मचाऱ्यांनी स्वतःचे मोबाइल, व्हॉट्सअ‍ॅप आणि खासगी जीमेलवर काम रेटले. कंपनीने पुढे सुमारे १० दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे केले; नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्हावा शेवातील आणखी एका टर्मिनलला, जेएनपीसीटीला, रॅन्समवेअरचा फटका बसला. म्हणजे या परिसरात अशी वेळ पाच वर्षांत दोनदा आली.

जुना फोन आणि आयपी फोन यांत फरक कोणता?

जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून, त्याच तांब्याच्या तारेवरून मिळे. म्हणून घरात अंधार असला तरी फोन वाजत असे. आयपी फोन हा खरे तर छोटा संगणक आहे. तो आवाजाचे तुकडे करून ते डेटा म्हणून पाठवतो आणि कॉल जोडण्या-तोडण्यासाठी बहुतेक वेळा ‘एसआयपी’ ही सामायिक भाषा वापरतो. त्याला वीज लागते, नेटवर्क लागते आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी सेवाही लागते. तिन्हींपैकी एक गेले तरी फोन गेला.

विजेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ‘पीओई’ स्विच घेतला तर नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज मिळते. २००३ च्या मूळ मानकानुसार स्विच प्रत्येक जोडणीला १५.४ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. साध्या फोनला त्याहून बरीच कमी लागते. फोन ५ वॉटचा धरला तर २० फोनना १०० वॉट. एवढा भार लहान यूपीएसही काही काळ पेलतो. अट एकच, यूपीएसवर स्विच आणि राउटर दोन्ही हवेत. अनेक ठिकाणी यूपीएस फक्त साहेबांच्या संगणकाला जोडलेला असतो!

इंटरनेटचा वेग किती हवा?

वाटतो त्यापेक्षा कमी. प्रचलित ‘जी.७११’ पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८० ते ९० केबीपीएस लागतात. एकाच वेळी १० कॉल चालू असले तरी १ एमबीपीएसच्या आतच. अडचण येते ती विलंबाची. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. कुणी जड फाइल अपलोड करत असताना आवाज तुटत असेल, तर प्लॅन वाढवून पैसे घालवण्याआधी राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य दिले आहे का, ते तपासावे.

एचडी आवाजाचा मुद्दा या पट्ट्यात चैनीचा नाही. कंटेनर क्रमांकात चार अक्षरे आणि सात अंक असतात. फोनवरून तो सांगताना ‘बी’, ‘डी’, ‘पी’ यांचा गोंधळ नेहमीचा. शेवटचा अंक पडताळणीचा असल्याने चूक बऱ्याचदा पकडली जाते, पण तोवर दोन फोन वाढलेले असतात. जुन्या फोनवर आवाजाची वरची कंपने ३,४०० हर्ट्झच्या आसपास कापली जातात, ‘जी.७२२’ असलेल्या फोनवर ती ७,००० पर्यंत पोहोचतात. मात्र दोन्ही टोके आणि मधली सेवा यांना ही पद्धत चालत असेल तरच फायदा. कार्यालय ते यार्ड अशा अंतर्गत कॉलवर तो नक्की मिळतो, बाहेरच्या कॉलवर त्याची हमी नाही.

विक्रेत्याला काय विचारावे?

पहिला प्रश्न : फोन संगणकांपासून वेगळ्या ‘व्हीलॅन’वर असतील का? त्यामुळे एका बाजूचा संसर्ग दुसरीकडे सहज जात नाही. धोका फोनकडूनही असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले, की हॅकरांच्या एका गटाने कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी इंटरनेट फोन आणि प्रिंटर वापरले. काही ठिकाणी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेलाच नव्हता. त्याच महिन्यात अवायाच्या काही फोनमध्ये दहा वर्षांपूर्वीच जाहीर झालेला दोष आढळल्याचे मॅकअफीने उघड केले. म्हणून मॉडेलला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे लेखी घ्यावे. स्वस्तात मिळणारा जुना साठा इथेच महाग पडतो.

दुसरा प्रश्न कुलपाचा. काही फोन ठरावीक सेवेशीच बांधलेले असतात. सेवा बदलली की यंत्र टेबलावर शोभेपुरते. एसआयपीवर चालणारा, अनलॉक फोन आणि परवानाधारक दूरसंचार कंपनीची जोडणी, एवढा आग्रह धरावा. फोन नंबर आपल्या कंपनीच्या नावावर आहे, विक्रेत्याच्या नाही, हेही पाहावे.

सगळ्यांना टेबलावरचा फोन लागतोच असे नाही. फिरत्या कर्मचाऱ्यांना मोबाइल अ‍ॅप पुरते. अ‍ॅप सुरक्षितच असते असे मात्र समजू नये : मार्च २०२३ मध्ये ‘थ्रीसीएक्स’ या कॉलिंग सॉफ्टवेअरच्या अधिकृत डेस्कटॉप अ‍ॅपमधूनच घातक प्रोग्राम पसरला होता. गेट, वजनकाटा, सुरक्षा केबिन येथे मात्र कुणीही उचलू शकेल असा फोन हवाच.

आणि नेटवर्कच तोडावे लागले तर?

२०१७ सारख्या वेळी व्हीलॅन पुरत नाही, कारण सगळेच बंद केले जाते. त्यासाठी किमान एक फोन कार्यालयाच्या नेटवर्कबाहेर हवा. सिमकार्डवर चालणारा टेबल फोन हा सोपा पर्याय. त्याचा नंबर ग्राहकांना आधीच दिलेला असावा आणि बॅटरी महिन्यातून एकदा तपासावी. फोन यंत्रणेच्या सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर, नेटवर्कपासून दूर ठेवावी. मर्स्कला आपल्या नेटवर्कची मूळ नोंद परत मिळाली ती घानातील एका सर्व्हरमुळे : हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेल्याने तो नेमका बंद होता.