दीर्घ शब्दांचे सांधे आणि मराठीचे अध्यापन

लेखनातील अक्षर आणि उच्चारातील अवयव हे एकच, असे गृहीत धरून मराठीचे अध्यापन वर्षानुवर्षे चालत आले आहे. ‘निवडणूक’ हा शब्द लिहिताना पाच अक्षरे लागतात. उच्चारात मात्र नि-वड-णूक असे तीनच अवयव उरतात. ‘निवडणुकीत’ या रूपात अक्षरे सहा, अवयव चार. ही तफावत समजावून न देता दीर्घ शब्द अक्षरागणिक वाचावयास लावणे म्हणजे भाषेचा सांगाडा मोडून तिची ओळख करून देणे होय.

मराठीतील अंत्य व मध्य ‘अ’काराचा लोप स्वैर नाही, शब्दाची घडण त्यावर नियंत्रण ठेवते. ‘नगर’ (न-गर) या शब्दापासून ‘नगरी’ (नग-री) होताना ‘ग’मधील अकार लोपतो, ‘नगरपालिका’ या समासात मात्र ‘नगर’ अखंड राहते. खानदेशातील ग्रामनामे याची साक्ष देतात. ‘चोपडा’ हे चोप-डा असे उच्चारले जाते. परंतु ‘धरणगाव’ ध-रण-गाव असेच राहते, कारण तेथे ‘धरण’ आणि ‘गाव’ यांमधील सांधा बोलणाऱ्याच्या मनात जागा असतो.

आघाताचेही तसेच. पोलिश भाषेत तो सामान्यतः उपान्त्य अवयवावर पडतो आणि प्रत्यय लागून शब्द लांबला की पुढे सरकतो. मराठीत आघात अर्थभेदक नाही. तो सौम्य असून बहुधा गुरू अवयवाकडे झुकतो. ‘णूक’ हा शब्दान्तीचा अवयव दीर्घ, आणि प्रत्यय लागताच ‘णु’ ऱ्हस्व, यामागे शब्दाच्या वजनाची हीच फेरवाटणी आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी तिला लेखनात मान्यता दिली. दुर्दैवाने वर्गात हा नियम केवळ पाठांतराचा विषय झाला आहे.

अक्षरगणनेचा आग्रह पद्यविचारातून आला असावा. ओवी-अभंगात प्रत्येक लिखित अक्षर मोजले जाते आणि गायनात ते पूर्ण उच्चारलेही जाते. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त अक्षरसंख्येवर आधारलेला छंद मात्रांच्या जातीहून वेगळा मानला, तो याच जाणिवेने. परंतु छंदाचा हिशेब गद्याला लावता येत नाही.

याची झळ बोलीभाषक विद्यार्थ्याला अधिक लागते. ‘जळगाव’ला ‘जयगाव’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणारा विद्यार्थी अशुद्ध ठरतो. वस्तुतः त्याने एक व्यंजन बदलले. अवयवांची संख्या, त्यांची विभागणी व शब्दाचा तोल त्याने अबाधित राखला. उलट ‘नि-व-ड-णू-क’ असे वाचून दाखविणारा मराठीची लय मोडतो आणि तरीही शुद्ध मानला जातो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या बोलीचा गौरव करणाऱ्या आणि २०१८ पासून विद्यापीठाला त्यांचे नाव लाभलेल्या या प्रदेशात ही विसंगती विशेष खटकते.

सबब, पदव्युत्तर अभ्यासक्रमात शब्दसिद्धी, उच्चार व शुद्धलेखन ही तीन प्रकरणे स्वतंत्रपणे न शिकविता एकत्र शिकविली गेली पाहिजेत. दीर्घ शब्द आधी सांध्यांवर उकलावा, मग उच्चारावा आणि शेवटी लिहावा. हा क्रम स्वीकारल्यास प्रमाणभाषेला काही गमवावे लागणार नाही. बोलीभाषक विद्यार्थ्याला मात्र, त्याच्या कानाला हे शास्त्र मुळातच अवगत आहे, याचा विश्वास मिळेल.