फुकटच्या हवेची महाग गळती

कारखान्याच्या आवारात तेलाचे पिंप कलंडले तर दहा माणसे धावत येतात. पाण्याचा नळ उघडा राहिला तर निदान पहारेकरी तरी हटकतो. परंतु भिंतीलगतच्या नळीच्या एखाद्या जोडातून 'फुस्स' असा आवाज करीत दिवसरात्र हवा बाहेर पडत असेल, तर तिकडे मान वळवून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. तिने फरशी ओली होत नाही, तिचा वास येत नाही, तिच्यावरून पाय घसरून कोणी पडत नाही. शेवटी हवाच ती! आणि हवेला कोठे पैसे पडतात? वास्तविक कारखान्यात जी साधने वापरली जातात त्यांत दाबाखालील हवेइतके महाग साधन क्वचितच दुसरे असेल. हवा फुकट आहे. तिच्यात कोंडलेला दाब फुकट नाही. तो विजेच्या मोलाने विकत घेतलेला असतो.

या हवेवर महाराष्ट्रातील उद्योगांचा किती भार आहे हे बाहेरच्यांच्या सहज ध्यानात येत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत साचे दाबण्यापासून ओतीव कामाच्या कडा घासण्यापर्यंत ती वापरली जाते. पिंपरी-चिंचवडला वाहनांचे सुटे भाग जोडताना नट आवळणारी हत्यारे तिच्यावर चालतात. इचलकरंजीतील एअरजेट मागांवर तर धोटा नसतोच; आडवा धागा हवेच्या झोताने उभ्या धाग्यांमधून पार नेला जातो. तेथे हवा थांबली की विणकाम थांबले. हवेवर चालणारी हत्यारे हलकी असतात, ठिणगी पाडत नाहीत, ओल्या जागीही बिनधोक चालतात; म्हणून उद्योगांनी ती स्वीकारली हे योग्यच झाले. परंतु या सोयीची किंमत जबर आहे. कॉम्प्रेसरला १० युनिट वीज दिली तर हत्याराच्या टोकाशी काम मिळते ते सामान्यतः एक-दोन युनिटांपुरते. उरलेली बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने निघून जाते. इतकी खर्चिक वस्तू तयार करायची आणि ती वापरण्यापूर्वीच वाऱ्यावर सोडून द्यायची, यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार दुसरा नाही.

नुकसानीचा अंदाज साध्या हिशेबानेही येतो. कारखान्यात हवेचा दाब बहुधा ७ बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सातपट असतो. या दाबाच्या नळीला ३ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे, भोक असेल तर त्यातून जाणारी हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सुमारे ३ किलोवॉट वीज खातो. तीन पाळ्यांच्या कारखान्यात वर्षाला ३०० दिवस काम चालते असे धरले, तर हे तास ७,२०० होतात आणि वाया जाणारी वीज २१,६०० युनिट होते. युनिटमागे ८ रुपये दर धरला तर रक्कम १,७२,८०० रुपयांवर जाते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या १८ कुटुंबांची ही वर्षभराची वीज आहे. ती कोळशावर तयार झाली असेल तर एका युनिटास साधारण ०.७ किलो या हिशेबाने १५ टन कोळसा जळाला तो एका भोकासाठी. आणि कारखान्यात भोक एकच असते असे थोडेच आहे? झिजलेली रबरी नळी, सैल कपलिंग, आटे गेलेला जोड, पाणी काढण्यासाठी उघडून तसाच ठेवलेला व्हॉल्व्ह अशा डझनावारी जागा असतात. जेथे देखभालीकडे दुर्लक्ष झालेले असते तेथे कॉम्प्रेसरच्या एकूण हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीत जाणे ही काही अपवादाची गोष्ट नाही. नीट राखलेल्या कारखान्यात हेच प्रमाण ५ ते १० टक्क्यांवर ठेवता येते.

गळतीचा दुसरा दुष्परिणाम अधिक घातक आहे. हवा गळू लागली की दूरच्या यंत्रापाशी दाब कमी पडतो. कामगार तक्रार करतो. मग गळती शोधण्याऐवजी कॉम्प्रेसरचा दाब वाढवला जातो. दाब १ बारने वाढला की विजेचा खर्च सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी वाढतो. आणि दाब वाढला म्हणजे त्याच भोकांतून हवा पूर्वीपेक्षा जोराने जाऊ लागते. काही दिवसांनी तक्रार पुन्हा येते आणि आता नवा, मोठा कॉम्प्रेसर घेण्याचा प्रस्ताव मालकाच्या टेबलावर येऊन पडतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. कर्ज काढून घेतलेला हा नवा कॉम्प्रेसर कित्येकदा केवळ जुन्या भोकांना हवा पुरवीत असतो.

ही गळती मोजणे अवघड असते तर उपेक्षा क्षम्य ठरली असती. परंतु प्राथमिक तपासणीला एका घड्याळापलीकडे काही लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सर्व यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर सुरू करावा. ठरलेला दाब गाठला की तो हवा भरणे थांबवतो आणि दाब उतरला की पुन्हा भरू लागतो. हवा कोणीच वापरीत नसताना तो पुन्हा भरू लागतो याचा अर्थ गळती आहे. तो २ मिनिटे हवा भरतो आणि ८ मिनिटे थांबतो असे दिसले, तर दहापैकी दोन मिनिटे, म्हणजे २० टक्के हवा गळते. मिनिटाला १० घनमीटर हवा देणारा कॉम्प्रेसर असेल तर त्यातील २ घनमीटर कोणाच्याही उपयोगी न पडता जाते. पुढचे काम जागा शोधण्याचे. मोठी गळती कानाला ऐकू येते. बारीक गळतीसाठी जोडांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात. यंत्रांच्या कोलाहलात शोधायचे असेल तर अल्ट्रासॉनिक उपकरण मिळते. सूक्ष्म छिद्रातून सुटणारी हवा माणसाच्या कानाला न कळणाऱ्या, २० हजार हर्ट्झपलीकडच्या लहरीही निर्माण करते. त्या हे उपकरण टिपते. सापडलेल्या प्रत्येक जागी क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, वहीत नोंद करावी, दुरुस्ती करावी आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तपासावे. पुष्कळ ठिकाणी वायसर बदलणे, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणे किंवा जोड आवळणे एवढ्यानेच काम भागते.

उपाय इतका स्वस्त, लाभ इतका उघड. तरी तो होत का नाही? येथे प्रश्न यंत्रशास्त्राचा उरत नाही, अर्थशास्त्राचा होतो. विजेचे बिल साऱ्या कारखान्याचे मिळून एकच येते आणि ते सामाईक खर्चात टाकले जाते. कोणत्या खात्याने किती हवा वापरली आणि किती गमावली, याचे मोजमाप बहुधा नसते. गळतीचा तोटा अशा रीतीने सर्वांचा, म्हणजेच कोणाचाच नाही. दुरुस्तीचा खर्च मात्र नेमका देखभाल विभागाच्या नावावर पडतो. त्यासाठी फिटरचे तास द्यावे लागतात, उत्पादन घटकाभर थांबवावे लागते. यंत्र बंद पडले तर फिटरला जाब विचारला जातो. गळती बंद केली म्हणून शाबासकी मिळत नाही. ज्याने श्रम करायचे त्याच्या पदरी काही नाही आणि ज्याच्या पदरी लाभ पडायचा त्याला तोटा दिसत नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, त्यात दळणाऱ्याच्या कष्टांचा दोष नसतो. पिठाकडे पाहण्याची जबाबदारी कोणावर सोपविलेलीच नसते.

या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे. गळती थांबवली तरी बिल तेवढे उतरत नाही, असे काही उद्योजक अनुभवाने सांगतात. कारण उघड आहे. बरेच स्क्रू कॉम्प्रेसर हवा भरत नसतानाही फिरत राहतात आणि तेव्हाही पूर्ण भाराच्या सुमारे पाव ते एक-तृतीयांश वीज खातात. म्हणून गळती थांबवल्यावर दाब शक्य तितका खाली आणणे आणि अनावश्यक ठरलेला कॉम्प्रेसर खरोखर बंद करणे, ही दोन्ही कामे पाठोपाठ झाली पाहिजेत. शिवाय आज बंद केलेल्या दहा जागांच्या ऐवजी सहा महिन्यांत पाच नव्या जागा गळू लागतात. गळती एकदा मोहीम काढून संपवण्याची वस्तू नव्हे. केरवाऱ्यासारखे ते नित्याचे काम आहे.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. मोठ्या, ऊर्जेचा विशेष वापर करणाऱ्या उद्योगांना त्यामुळे ऊर्जा व्यवस्थापक नेमणे आणि तपासणी करून घेणे बंधनकारक झाले. महाराष्ट्रात या कामाची जबाबदारी 'महाऊर्जा' या संस्थेकडे आहे. परंतु औद्योगिक वसाहतींतील हजारो लहान कारखाने या बंधनाच्या कक्षेबाहेर राहतात, आणि दुर्लक्षाला वाव तेथेच अधिक असतो. एकट्या लहान कारखानदाराला अल्ट्रासॉनिक उपकरण परवडणार नाही हे खरे. पण वसाहतीच्या उद्योजक संघटनेने एक घेऊन ते आळीपाळीने फिरवण्यास काय अडचण आहे? औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना कागदी प्रकल्पांऐवजी अशी तपासणी नेमून दिली, तर त्यांचेही शिक्षण होईल आणि कारखान्याचेही. कॉम्प्रेसरच्या खोलीला स्वतंत्र मीटर बसवावा, बचतीचा काही हिस्सा ती करणाऱ्या कामगारांना द्यावा, आणि नव्या कॉम्प्रेसरसाठी सवलतीचे कर्ज मागणाऱ्याकडून आधी गळतीच्या चाचणीचा दाखला घ्यावा. यांपैकी एकाही सूचनेसाठी नवा कायदा लागत नाही.

विजेचे दर वाढले की उद्योजकांची शिष्टमंडळे मंत्रालयात जातात. त्यांची गाऱ्हाणी पुष्कळदा रास्तही असतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत अनेक तासांचे भारनियमन सोसलेल्या या राज्यात विजेचे मोल कोणाला सांगावे लागू नये. परंतु सवलतीच्या दराने मिळालेली वीजही जर त्याच भोकांतून जाणार असेल, तर ती सवलत समाजाने कशासाठी द्यावी? लहान कारखान्याचा नफा तुटपुंजा असतो. बिलात गेलेला रुपया अखेर मजुरीतून, नव्या नेमणुकीतून किंवा मालाच्या किमतीतून वसूल होतो. तेव्हा निवेदनाचा मसुदा तयार करण्यापूर्वी सुट्टीचा एक दिवस आणि एक घड्याळ यांची योजना प्रत्येक कारखान्याने करावी. त्या दिवशी यंत्रे स्तब्ध असताना कॉम्प्रेसर किती मिनिटे चालतो, एवढा आकडा फळ्यावर लिहिला गेला तरी दुरुस्तीला सुरुवात झाली असे म्हणता येईल.